शंभर टक्के सुती

खुरपं कशात तरी अडलं. तिनं माती बाजूला सारली, तर सदऱ्याची कॉलर वर आली. पुरली होती तशीच, ताठ.

“झालं!” दीर म्हणाले. “माती मेलेली आहे, वहिनी. उद्याच फरशी घालून घेऊ.”

शेतकी कॉलेजातल्या पुतणीनं ही परीक्षा सुचवली होती. “काकू, चांगल्या मातीत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात. सुती कापड पुरा, दोन महिन्यांत फस्त करतील. नाही केलं, तर बागेचा नाद सोडा.” दिरांना परसात गाडी उभी करायची होती. त्यांनी हसत हसत पैज मान्य केली. तिनं नवऱ्याचा शेवटचा उरलेला सदरा काढला. तो दिरांच्याच दुकानचा. दुकानाच्या पाटीवर लिहिलेलंच होतं, ‘शंभर टक्के सुती’.

मग दुपारची डुलकी लागली की तिला एकच स्वप्न पडे. जमिनीखाली मंद कुरकुर चाललेली असे. आधी बाह्या जात, मग पाठ, आणि नवरा लिंबाच्या मुळाशी उघड्या अंगानं वारा खात बसलेला दिसे. जन्मात ज्यानं कधी रोपाला तांब्याभर पाणी घातलं नाही, तो माणूस हळूहळू खोडातून वर चढे आणि पानापानांत सळसळू लागे. जाग आली की तिला वाटे, ही बाग गेली तर हा दुसऱ्यांदा जाईल.

कुंपणापलीकडे निकाल ऐकायला शेजारी जमले होते. सगळ्यांच्या अंगात त्याच दुकानचे सदरे.

तिनं सदरा झटकला. कोपराशी तिची बोटं आरपार गेली.

“भावोजी, इथं मी ठिगळ लावलं होतं. जुन्या उशीच्या अभ्र्याचं. सुती. दोऱ्यासकट खाल्लंय बघा.”

“बरं, मग?”

“मग माती जिवंत आहे. भूकही झकास आहे. तुमच्या कापडाला मात्र कुणी तोंड लावलेलं नाही.”

कुंपणापलीकडे एकानं आपली बाही चिमटीत धरून चोळून पाहिली. मग दुसऱ्यानं.

दीर तिच्याशेजारी मातीतच उकिडवे बसले. त्यांचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ झाला.

“बाग राहू दे, वहिनी. तो सदरा तेवढा आधी परत पुरा.”