तिसऱ्यांदा हिरवं

शुक्रवारी बदल मंजूर झाला, तर धाकट्याच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. प्रोजेक्टच्या पानावर नाव, त्या नावाच्या जोरावर नोकरी, आणि नोकरीच्या जोरावर थोरल्या भावाच्या घरातल्या सोफ्यावरून सुटका. त्याने त्यात घातलं होतं ते चाळीस ओळींचं कोड. ते कधीच लिहून झालं होतं. घोडं अडलं होतं वहिनीपाशी.

वहिनी नर्स होती. घरोघरी जाऊन जखमा बांधायची, इंजेक्शनं द्यायची. तिच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सेसनी आज कुणाकडे किती वाजता जायचं, ती यादी एका खुल्या प्रोजेक्टमधली स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, बनवायची. खुला, म्हणजे कुणीही फुकट न्यावा, कुणीही सुधारावा. अट एकच. दुसऱ्या कुणी वाचून होकार दिल्याशिवाय बदल आत जायचा नाही. केंद्रासाठी केलेल्या बदलांना होकार द्यायचा तो वहिनीने; त्यापुरतं कोड ती शिकली होती. औषधाची बाटली दोनदा वाचणाऱ्या बाईला कोड दोनदा वाच म्हणून सांगावं लागत नाही. धाकट्याचं दुखणं नेमकं तेच होतं.

त्याच्या कोडने चार नर्सेसच्या चार याद्यांची वेळेप्रमाणे एकच यादी व्हायची. मशीन आपोआप चालवायचं ती टेस्टही साधी होती. मनाला येतील त्या वेळा टाकून खोट्या भेटी बनवायच्या आणि यादीतून एखादं नाव गळलं का ते मोजायचं. पहिल्यांदा लाल खूण आली, म्हणजे नापास. दुसऱ्यांदाही लाल. धाकट्याने कोडच्या एका अक्षराला हात न लावता तिसऱ्यांदा बटण दाबलं. हिरवी.

या धंद्यातली ही जुनी खोड आहे. टेस्ट नापास झाली की कारण शोधत बसायचं नाही. नाणं हवं तसं पडेपर्यंत उडवत राहायचं.

वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली होती. समोर मेट्रनच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक होतं. रोज सकाळी सहा ते पावणेसात, घर जागं व्हायच्या आत, ती ते वाचायची. आज सुट्टी म्हणून संध्याकाळीही घेतलं होतं. तिने त्यात पेन्सिल ठेवली आणि धाकट्याचा लॅपटॉप जवळ ओढला.

"भावोजी, दोनदा लाल का झालं होतं?"

"अहो, लहरी आहे ती टेस्ट. आता हिरवं दिसतंय ना? धर्माच्या गाईचे दात कशाला मोजताय?"

"थर्मामीटरने दोनदा ताप दाखवला आणि तिसऱ्यांदा नाही दाखवला, तर मी पिशवी उचलून घरी येत नाही."

"सोमवारी मुळाशी जातो. शब्द देतो. पण आज अडवलंत तर नोकरी गेलीच म्हणून समजा."

"दे गं," थोरला पेपराआडून म्हणाला. "घरच्याच माणसाला किती कात्रीत धरशील?"

वहिनीने होकाराचं बटण दाबलं.

सोमवार आला तो नोकरी घेऊनच आला. तीन महिन्यांचं प्रोबेशन होतं, तोवर मुक्काम सोफ्यावरच. नवे साहेब प्रोजेक्टचं पान रोज चाळायचे. खुल्या पानावर काही झाकून राहत नाही, चूकही नाही. मुळाशी जायचं राहून गेलं. पुढेही बरेच सोमवार आले.

पण तक्रार एकही आली नाही. ना केंद्राकडून, ना पेशंटकडून. धाकटा जेवताना अधूनमधून आठवण करून द्यायचा, "काय वहिनी, लहरीच होती ना?" वहिनी त्याच्या पानात वाढायची. सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून तो स्वयंपाकघरावरून जायचा, तेव्हा ती पेन्सिल घेऊन कागदांवर वाकलेली असायची. "अभ्यास जोरात आहे, मेट्रनबाई!" ती मान न उचलता कागद पालथा घालायची.

धाकटा नोकरीत पक्का झाला त्याच दिवशी वहिनीचा निकाल लागला. सहा मार्कांनी हुकली. धाकट्याने आणलेला केक तोवर कापून झाला होता, आणि गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"मनाला लावून घेऊ नका हो. पुन्हा बसा. आमच्याकडे तिसऱ्यांदा हिरवं होतंच."

वहिनी हसली. "नोकरीचं पत्र हातात आलं ना?"

"आलं की. सहीशिक्क्यासकट."

"मग लॅपटॉप उघडा. एक बदल पाठवलाय. होकार तुमचा लागेल."

त्याने उघडला. चार ओळींची दुरुस्ती होती आणि तिच्याबरोबर वहिनीने लिहिलेली नवी टेस्ट. तिच्यात दोनच पेशंट होते, दोघांची वेळ सकाळी नऊ. त्याने ती आपल्या जुन्या कोडवर दहादा चालवली. दहाही वेळा लाल. दोन भेटी एकाच वेळेला आल्या की त्याची यादी पहिल्याला गिळून दुसऱ्याला ठेवत होती. मनाला येतील त्या वेळा टाकणाऱ्या टेस्टमध्ये अशी गाठ कधी पडायची, कधी नाही.

खाली तीन महिन्यांच्या नोंदी होत्या. "रोज नर्सेसच्या मूळ याद्यांशी ताडून पाहिलं. गळलेली नावं अकरा. हाताने लिहून, नर्सेस निघण्याआधी केंद्राला कळवली." प्रत्येक नावापुढे ते सापडल्याची वेळ होती. सहा दहा. सहा पस्तीस. सहा वीस. पावणेसातच्या पुढची एकही नव्हती.

धाकट्याने टेबलाकडे पाहिलं. जाडजूड पुस्तक तिथेच होतं. त्या शुक्रवारी पेन्सिलने अडवलेलं पान पुढे फारसं सरकलेलं नव्हतं.

तीन महिन्यांत एकही पेशंट नर्सची वाट बघत राहिला नाही. स्क्रिप्ट पास झाली, धाकटा पास झाला. सहा मार्क तेवढे वहिनीचे गेले.