मोकळा ठिपका

सकाळी सरिताने पंचवटीतल्या सभागृहाचा उंबरठा पुसून बाहेर रांगोळी काढली. एक ठिपका मोकळा ठेवला. घर सोडून गेलेले माणूस परतेपर्यंत तो ठिपका त्यांच्या घरी जोडत नसत. तिचा भाऊ धनराज अजून परतला नव्हता. आतून कडी लावून ती फिरत्या महोत्सवाच्या चित्रफिती तपासू लागली.

आइसलँडच्या फितीत बर्फातला एक उंबरठा होता. पुढे हीच रांगोळी, तोच ठिपका मोकळा. दूरवर अनवाणी पावलांचे ठसे.

"किशोरदादा, पुन्हा लावा."

"अहो ताई, तीच फीत आहे, वेगळं काय दिसणार?" प्रोजेक्टरपाशी किशोर हसला.

दुसऱ्यांदा लावली तेव्हा ठसे जवळ आले होते. तिसऱ्यांदा ते रांगोळीला टेकले.

"ताई, बंद करू का?" किशोर आता हसत नव्हता.

"नको."

सरिता उठली आणि तिने हलकेच दाराची कडी काढली.