सहा किलो दोनशे

डोंगरावरच्या शेवटच्या घरी मी चार महिने फिरकलेच नव्हते. तीन तासांची चढण, त्यात जंगलातल्या जळवा. खाली दवाखान्यात खुर्चीवर बसूनच मी त्या घरातल्या बाळाचं वजन लिहायची. दर महिन्याला पाचशे ग्रॅम वाढवले, की कागदावर बाळ कसं गुटगुटीत! या महिन्याचंही कालच लिहून टाकलं होतं : सहा किलो दोनशे.

उद्या मोठे डॉक्टर स्वतः वर जाणार होते, म्हणून आज नाइलाजाने चढले.

बाळाची आई दारातच बसली होती. मी घाईघाईत वाशाला वजनकाटा अडकवला, त्याला कापडाची झोळी लावली आणि म्हणाले, "आण बरं बाळाला."

"तो गेला, सिस्टर. तुम्ही यायच्या बंद झालात, त्याच महिन्यात. ताप उतरेचना. तुम्हाला तीनदा निरोप धाडला होता."

मला मान वर करवेना. निरोप मिळाले होते. तिन्ही.

काहीतरी करायचं म्हणून मी काटा उतरवायला हात वर केला. झोळीत काहीच नव्हतं, तरी ती ताणलेली होती. सुई सहा किलो दोनशेवर थांबली होती. मी टिचकी मारली. सुई थरथरली आणि पुन्हा तिथेच आली.

आई उठून जवळ आली. तान्ह्याची मान सावरावी तसा तिने झोळीखाली अलगद हात धरला.

"हळू काढा," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."