दोन्ही दिवशी तेच वरण

"सांगतो, पण तुझा विश्वास बसायचा नाही," स्टूल खाटेजवळ ओढत सुखदेवराव म्हणाले. "तूच काय, या अख्ख्या वॉर्डात कुणाचा बसायचा नाही."

"बसत नाहीच. सांगा," प्रभावतीबाई म्हणाल्या.

त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. उद्या सुट्टी मिळणार होती. पण दिल्लीत सरोजिनी नगरातल्या मुलाच्या, हितेशच्या क्वार्टरला चोवीस पायऱ्या, आणि दीड महिना एकही पायरी चढायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून हितेशनं नोएडातल्या एका नर्सिंग होमचा फॉर्म आणून उशाशी ठेवला होता. प्रभावतीबाई त्याला हात लावायला तयार नव्हत्या. अशा ठिकाणी म्हाताऱ्या माणसांना खाटेला बांधून ठेवतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

मग सुखदेवराव स्वतः जाऊन बघून आले. एकतीस वर्षं सरकारी इमारतींची पाहणी केलेला माणूस. पाहणी पुरी होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, ही त्यांची जुनी सवय. आज ती पुरी झाली होती.

"परवा सकाळी बसमधून उतरलो, तेव्हा शेजारी मोहरीचं शेत होतं बघ. दुपारी निघालो तर तिथे तीन मजले, आणि खाली एसटीडी बूथ चालू!"

"पुढे."

"आधी बाथरूम. खिशातली गोटी फरशीवर सोडली, ती सरळ जाळीवर जाऊन थांबली. म्हणजे उतार बरोबर, पाणी तुंबायचं नाही. मग भिंतीच्या दांड्याला मी लोंबकळलो. हलला नाही. मॅनेजरला लोंबकळायला लावलं. मग आचाऱ्याला, तो अडीच क्विंटलचा गडी! तिघं एका दांड्याला, वटवाघळांसारखे."

प्रभावतीबाईंना हसू फुटलं, तशी खुब्यातून कळ गेली. बायको आपल्या तिनाचा एक करून ऐकते, हे सुखदेवरावांना ठाऊक होतं. म्हणून तर ते एकाचे तीन करत. इतकी वर्षं दोघांचं असंच छान जमत आलं होतं.

"आणि आग लागली तर?"

"तेच! मागच्या दाराला हे एवढं कुलूप, आणि किल्ली कुणाकडे, पत्ताच नाही. मी दारापुढे खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, कुलूप निघेपर्यंत उठत नाही. मॅनेजर थंडीत घामाघूम. 'सर, चाय तो लीजिए.' अगं, पाहणीला गेल्यावर मी कधी पाणी तरी प्यायलोय? शेवटी कुलूप तोडलं. दार उघडल्यावर वारा असा घुसला, की दोन आजींच्या शाली गाझियाबादेत सापडल्या."

"थांबा." प्रभावतीबाईंचं हसू मावळलं. "सर म्हणाला तो तुम्हाला? फाईल घेऊन गेला होतात?"

सुखदेवरावांनी मान डोलावली. काखेत फाईल धरल्याशिवाय त्यांचं पाऊल कुठल्याही इमारतीत पडत नसे.

"म्हणजे सरकारी साहेब आला असं वाटलं त्यांना. साहेबाला काय, सगळं चांगलंच दाखवतात. मला काय दाखवतील, सांगा ना?" त्यांनी फॉर्म बोटानं लांब सरकवला.

"ते माझ्याही लक्षात आलं. मॅनेजर फाटकापर्यंत पोचवायला आला, तेव्हा." सुखदेवरावांचा आवाज खाली आला. "म्हणून काल परत गेलो. फाईल घरी ठेवली. दाढी केली नाही. हितेशचा तो विटका स्वेटर घातला, आणि अंगणात म्हातारे उन्हाला बसले होते त्यांच्यात जाऊन बसलो."

"कुणी ओळखलं नाही?"

"साहेबाचा चेहरा बघतो कोण? एक वाजता एक पोरगी ताटं घेऊन आली. मला वाटलं, हाकलणार. तिनं माझ्यापुढेही ताट ठेवलं. मग गोळ्यांची वही उघडली. नाव सापडेना. मी म्हटलं, दे की एखादी, सगळ्यांना देतेयस तर. 'बाबा, बिना नाम के गोली नहीं. आप खाना खाओ, मैं पूछके आती हूँ.'"

"मग?"

"मग जेवलो."

"पाहणीला गेलेले असताना?"

"हो. पहिल्यांदाच." ते जरा ओशाळले. "परवा साहेबासाठी त्यांनी पातेलं उघडून दाखवलं होतं. मी डाव घालून तळापासून ढवळलं होतं. दाट वरण, वर जिऱ्याची फोडणी. काल माझ्या ताटात आलं, तेही तेच. पाण्याचा एक थेंब वाढवला नव्हता. आणि बांधलेलं कुणी नव्हतं, प्रभा. एका आजीला दोघींनी धरून उन्हात आणलं. वाटेत ती तीनदा थांबली. तिन्ही वेळा त्या थांबल्या."

या तिनाचा प्रभावतीबाईंनी एक केला नाही. त्यांनी हात लांब करून फॉर्म ओढला, चष्मा चढवला आणि एकेक अक्षर जपून काढत सही केली.

"आणि तुम्ही?" पेनाला टोपण लावत त्यांनी विचारलं. "दीड महिना? इकडे?"

"मी? मी मजेत राहीन."

एवढंच म्हणून सुखदेवराव खिडकीबाहेर बघू लागले.

"हे मात्र खोटं," प्रभावतीबाई म्हणाल्या, पलीकडच्या दोन खाटांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.