आधी उठणारे

“रंजे, पोराचे पाय उगवतीला कर,” भिमीकाकी म्हणाली. खड्डा तयार होता. दीड वर्षाचा नवसू पातळात गुंडाळलेला, रंजिताच्या मांडीवर होता. “परभू उगवतीकडनं येनार. पोर उठंल तवा समोरच दिसला पायजे.”

भिमीकाकी रंजिताच्या नवऱ्याची, सुदामची, चुलती. अख्ख्या वाडीत येशूला मानणारी ती एकटीच. तिचं कोण ऐकणार? “काकी, आता गप ऱ्हा गो,” रंजिता म्हणाली, नवऱ्याकडेही न बघता. ओढ्याकाठी, करवंदीच्या जाळीमागे, रीतीप्रमाणे दक्षिणेला पाय करून नवसूला माती दिली. त्याचं तोंड रानाकडे झालं.

पुढे रंजिता स्वतःच भिमीकाकीबरोबर धसईच्या प्रार्थनेला जाऊ लागली. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. मेलेल्या माणसाविषयी तिथले लोक ‘होता’ म्हणून थांबत नसत, ‘उठेल’ म्हणत. तेवढं तिला पुरलं. मग राही झाली. राही झोपली की रंजिता तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. “मुरबाडला कॉलेज शिकली न् पोरीचा वारा मोजते,” सासू हसायची.

आणि तिला ती सकाळ दिसू लागली. डोळे मिटले की दिसायची, भात निवडतानाही दिसायची. डोंगराच्या कड्यामागून उजेड यायचा, पण तो सूर्याचा नसायचा. कर्णा वाजायचा, पलीकडच्या वाडीत वरात असावी तसा, लांबून. शेतं हलायची. भाताचा मोड माती सारतो तशी माणसं माती सारून वर यायची. अंगावर दव, तोंडं उजेडाकडे. आणि ओढ्याकाठी एकच लहानगं, रानाकडे तोंड करून उभं. खालचा ओठ बाहेर काढलेला. आता रडेल, मग रडेल.

ज्यांच्या ओटीवर प्रार्थना व्हायची त्या जयरामभाऊंना तिने एकदा विचारलं. ते म्हणाले, “ताई, मातीतनं उठवनाऱ्याला पोर वळवायला किती वेळ लागतो? आनि लेकरं तर त्याचीच.” तिला पटलं. पण त्याच दिवशी त्यांनी वाचून दाखवलं की प्रभू येईल तेव्हा मेलेले आधी उठतील. मग जिवंत असलेल्यांना त्यांच्याबरोबर वर घेतलं जाईल. सगळे ‘आमेन’ म्हणाले. रंजिता म्हणाली नाही. म्हणजे नवसू आधी उठणार. ती पोचेपर्यंत एकटा. जाग आल्यावर आई दिसली नाही तर तो निळा पडेपर्यंत रडायचा.

सुदामला आसनगावजवळ कारखान्यात काम लागलं. खोली बघून झाली, भांडी पोत्यात भरून झाली. दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. त्या पहाटे रंजिता राहीला खांद्यावर टाकून, कुदळ घेऊन ओढ्यावर गेली. धुकं इतकं होतं की पाण्याचा आवाज तेवढा येत होता, पाणी दिसत नव्हतं. जाळीच्या अलीकडे गोधडी अंथरून तिने राहीला निजवलं, नाकाखाली बोट धरून बघितलं, आणि ती जाळीमागे गेली.

मागून धापा टाकत भिमीकाकी आली. “काय करतेस गो?”

“वळवते त्याला. तूच सांगितलं होतंस.”

“आयकायचं तवा आयकलं नाय, आता कुदल घेऊन आली. शिकल्याली!”

“मी तिकडे लांब असेन, काकी. तो आधी उठेल. मी येईपर्यंत त्याला निदान उजेड तरी दिसू दे. त्याला घेणार कोण?”

तिने कुदळ घातली. त्या आवाजाने राही उठून बसली. चारी बाजूंना धुकं. आई नाही. तिचा ओठ बाहेर आला आणि तिने किंकाळी फोडली. रंजिता मातीचे हात झटकून जाळीबाहेर येईतो भिमीकाकीने पोरीला उचलून कमरेवर घेतलंही होतं. “ए बाय, ए गो. हाय की तुजी आय. ती बघ, म्हतारी झाली तरी माती खेलते.” राहीने एक हुंदका दिला आणि म्हातारीच्या खांद्यावर डोकं टाकलं.

भिमीकाकी तशीच थोडा वेळ झुलत राहिली. मग मातीकडे बघत म्हणाली, “रंजे, मला हितं पूर. ह्याच्या बाजूला.”

“काकी, काहीतरीच काय?”

“आता तरी आयक. परभू येस्तवर मी काय जगनार हाय? मीबी आधीच उठनार. तू येस्तवर घेते मी त्याला.” तिने राहीला दुसऱ्या कमरेवर घेतलं. “न् माजे पाय उगवतीला नको करू. ह्याचं तोंड रानाकडं, तर माजंबी रानाकडं. परभूला काय, मागनं येऊन हाक मारील.”

रंजिताने उकरलेली माती हातांनी परत लोटली.

भिमीकाकी पुढच्याच वर्षी गेली. वाडीने कुरकुर केली, जयरामभाऊंनीही दोनदा विचारलं; सुदामने तिच्या सांगण्याप्रमाणेच केलं. रंजिता आसनगावलाच असते. राही शाळेत जाते. गावी येणं फारसं होत नाही. म्हणून धसईकडे निघालेल्या प्रत्येकाला ती सांगते, तेच तिचं सांगणं तुम्हालाही. ओढा ओलांडला की करवंदीची जाळी लागते. फुलं नकोत, काही बोलायलाही नको. पाय न वाजवता जा, आणि दोघं झोपलीत ना, तेवढं बघून या.