चाकापुढचं लिंबू

चाकापुढे ठेवलेल्या लिंबापाशी आमची नवी सेडान आपोआप थांबली. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘समोर अडथळा आहे.’

“काय ब्रेक आहे!” ह्यांच्या मोटारक्लबातल्या मित्रांनी टाळ्या पिटल्या. “पुन्हा आण रे!”

लिंबू चिरडल्याशिवाय गाडीची पूजा पुरी होत नाही, आणि पूजा झाल्याशिवाय माझा निर्जळी उपवास सुटत नव्हता. मी हळूच म्हटलं, “अहो, घशाला कोरड पडलीय.”

“थांब गं, आता जरा वेगात आणून बघतो!”

ह्यांनी गाडी मागे घेतली. तेवढ्यात स्वामींचं नाव घेऊन मीच लिंबावर पाय दिला. गाडी त्या चोथ्यावरून सुळकन निघून गेली.

मी पाण्याचा पेला उचलला, तोच क्लबातले वागळे भाऊजी म्हणाले, “वहिनी, व्हिडिओ राहिला! अजून एक लिंबू आहे का?”

“आहे ना,” म्हटलं, आणि ते पेल्यात पिळलं.