मागे बसलेली

दर रविवारी लालबागचा हरेश्वर भाऊच्या धक्क्यावरून लाँचने सायकल रेवसला न्यायचा आणि तिथल्या गावरस्त्यांवर मनसोक्त हुंदडायचा. खोटं वाटलं तर चाळीत विचारा.

एका संध्याकाळी तो परतला, तर शेजारच्या पेडणेकरकाकू दोन कप चहा घेऊन हजर. "तुझ्या मागे बसून आली, ती कुठे रे गेली?"

त्याची बायको प्रणिता भडकली. "कोण ती?"

"अगं, माझ्या सायकलला कॅरिअर तरी आहे का?"

"गप्प बस! येत्या रविवारी मीपण सायकल घेऊन येते. खरं निघालं तर थेट माहेर गाठते."

रेवसला ती दातओठ खात त्याच्या मागोमाग निघाली. त्याच्या मागे कोणीच नव्हतं. तिचा राग निवळू लागला, तोच सायकल जड झाली.

तिच्या कमरेला दोन गार हातांनी विळखा घातला. कानाशी कोणीतरी तिच्याहूनही चिडून म्हणालं, "उतर!"